उजेडाकडे धरलेलं कापड

सरिताचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जवसाची चटणी वाटत होते. मिक्सरच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही. नंतर दोन मिस्ड कॉल दिसले म्हणून मीच उलटा लावला. सरिता म्हणजे सगुणाबाईंची मुलगी, आतल्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. "आई गेली जी, मॅडम," एवढंच ती म्हणाली. पहाटे छातीत दुखायला लागलं, गाडी मिळाली, गाडी निघालीही, आणि दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर... चटणी भांड्यात तशीच अर्धवट राहिली. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. कारण सगुणाबाईंबद्दल लिहायचं म्हणजे आधी स्वतःबद्दल एक गोष्ट लिहावी लागणार, आणि ती सांगायची माझी बावीस वर्षं हिंमत झाली नव्हती.

सगुणाबाई मडावी आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होत्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, मागच्या बाजूची ती लांबुळकी खोली, खिडक्यांतून सागाची झाडं दिसायची. त्यांचं गाव तिथून बसनं तासभर आत, जंगलात, तीसेक घरांचं. नवरा लवकर गेला, पोरगी लहान होती, दहावी झालेली होती म्हणून ही नोकरी मिळाली. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच, पण चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला, त्यामुळे आम्ही सगळे प्राध्यापक त्यांना वचकून असायचो. सुपारी-तंबाखूचा खर्रा खायच्या. मी ओरडले की बाहेर जाऊन थुंकून यायच्या आणि जणू काही झालंच नाही अशा उभ्या राहायच्या. एका पोरानं काचपट्ट्यांचा डबा पाडला तर तीन वर्षं, तो बी.एस्सी. होऊन जाईपर्यंत, त्याला "फोड्या" म्हणून हाक मारली. माझा स्वभाव तापट, त्यांचा खोडकर. आमचं भांडण नाही असा आठवडा गेला नसेल.

माझं पीएच.डी.चं काम मक्याच्या पानावर होतं. आमच्या झाडीपट्टीत जिकडे बघाल तिकडे धान. मी सिंदेवाहीची, धानाच्या बांध्यांतच वाढलेली. त्यामुळे माझ्या बाबांनाही प्रश्न पडायचा की पोरीनं मक्का काऊन धरला. सोप्या भाषेत सांगते. मक्याचं पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की प्रत्येक शिरेभोवती पेशींची एक बांगडी दिसते आणि त्या बांगडीच्या बाहेरून आणखी एक. दोन्ही हिरव्या, दोन्ही एकाच पानातल्या. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडतात आणि आतल्यांच्या हवाली करतात. साखर तयार होते ती मुख्यतः आतल्यांत. ऊन झेलायला दोन्हीकडे प्रथिनं असतात, हरितद्रव्याला धरून ठेवणारी, पण सारखी नसतात. त्यातलं एक प्रथिन बाहेरच्या पेशींत रगड आणि आतल्यांत नावापुरतं. हे जगाला आधीच माहीत होतं. आमच्या भागातल्या गावठी मक्यात ते कसं असतं, आणि रोप सावलीत वाढवलं तर काय होतं, एवढंच मला बघायचं होतं. सगुणाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या टेबलाला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बाहेरची उनात राबते, अन् आतली चुलीपाशी. तिले ऊन कमी लागते, पण शिजवणारी थेच ना जी?" मी हसले. पुढे इतकी वर्षं मी वर्गात हेच वाक्य वापरत आले, त्यांचं नाव न घेता.

पेशी वेगळ्या करायची रीत ऐकाल तर म्हणाल, ही प्रयोगशाळा की रसवंती! पण रीत तीच आहे, मोठ्या शहरातही. बाहेरच्या पेशी नाजूक, मिक्सरमध्ये फिरवल्या की फुटतात. आतल्या चिवट, शिरेला घट्ट धरून बसलेल्या. त्या धाग्यांसारख्या तशाच राहतात. म्हणून पानं कात्रीनं बारीक कापायची, गारेगार द्रावणात टाकायची, मिक्सर काही सेकंद फिरवायचा आणि बारीक जाळीच्या नायलॉनच्या कापडातून गाळायचं. खाली हिरवं पाणी उतरतं ते बाहेरच्यांचं. कापडावर उरलेले धागे पुन्हा मिक्सरमध्ये. असं सहा-सात वेळा, पाणी जवळजवळ कोरं येईपर्यंत. मग चिमूटभर धागे काचपट्टीवर घेऊन बघायचं, एखादी बाहेरची पेशी चिकटून तर नाही ना राहिली. बर्फ आम्ही मासोळीवाल्याकडून आणायचो. त्याला असा काही वास यायचा की सगुणाबाई म्हणायच्या, "मक्क्याचा मासोळीरस्सा करून राह्यलो आपण."

मिक्सर त्याच चालवायच्या. माझं लक्ष घड्याळाकडे, त्यांचं आवाजाकडे. पाचव्या-सहाव्या खेपेला मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आता बदलला." काय बदललं, मी विचारायची. "अवं मॅडम, पहिले गदगद करते, पाला असते तं. धागेच उरले का सरसर करते. ऐका ना!" मला कधी फरक कळला नाही. पण त्या "बदलला" म्हणाल्या की काचपट्टी स्वच्छ निघायची, दर वेळी, आणि मी वहीत लिहायची 'सहा वेळा' किंवा 'सात वेळा'. 'सगुणाबाई म्हणाल्या म्हणून थांबलो' असं वहीत कोण लिहितं?

त्यांना घाई मान्य नव्हती. एका पावसाळ्यात मला त्यांच्या गावातल्या, घरामागच्या वाडीतल्या मक्याची पानं हवी होती. माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आलेली, नागपूरचे गाईड सर वैतागलेले. सगुणाबाई म्हणाल्या, आठ दिवस थांबा, गावात अजून नवं खाल्लं नाही. त्यांच्याकडे नव्या पिकाचा मान आधी देवाचा. गावचा पुजारी पूजा करतो, सगळं गाव मिळून खातं, तोवर कोणी त्या पिकाला हात लावत नाही. "अहो, कणीस कुठे मागतेय मी? पान पाहिजे, पान!" "पान का मक्क्याचं नाई?" "एक पान तोडलं तर कोणाला कळणार आहे?" यावर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी आठ दिवस धुसफुसत काढले. नवव्या दिवशी पहाटेच्या बसनं त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन आल्या, आणि पिशवीत माझ्यासाठी भाजलेली दोन कणसं होती.

आता ती गोष्ट. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सावलीत वाढवलेल्या रोपांचे नमुने काढायचे होते. नमुने थर्मासात बर्फ घालून मी स्वतः नागपूरला न्यायची, कारण प्रथिनं वेगळी करायचं पुढचं काम सरांच्या प्रयोगशाळेत व्हायचं. बस एकची. त्या दिवशी सकाळीच लाइन गेली ती थेट बाराला आली. चौथ्यांदा फिरवून झालं आणि मी म्हटलं, पुरे. सगुणाबाई म्हणाल्या, "नाई जी, आवाज नाई बदलला. अजून दोन-तीनदा फिरवू द्या." मी म्हटलं, "बाई, तुमच्या आवाजासाठी एसटी थांबणार आहे का?" काचपट्टीसुद्धा बघितली नाही. थर्मास उचलला आणि पळत सुटले. वहीत बसमध्ये बसल्या बसल्या लिहिलं, 'सहा वेळा'. सवयीनं लिहिलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

नागपूरला जेल, म्हणजे प्रथिनं ज्यातून सरकवतात तो पारदर्शक थर, बघितला आणि मी आनंदानं उडालेच. या कामात प्रथिनं हरितद्रव्यासकट सरकतात, म्हणून काचेच्या दोन तावदानांमध्ये त्यांचे पट्टे आपोआप हिरवे दिसतात, रंग द्यावा लागत नाही. आतल्या पेशींच्या रांगेत, जिथे जेमतेम रेघ हवी तिथे, जाड हिरवा पट्टा! मला वाटलं, मला काहीतरी सापडलं. आमच्या जंगलातला मक्का सावलीत काही वेगळंच करतो! सरही खूश झाले. एका परिषदेला गोषवारा गेला, घरी बाबांनी वस्तीभर पेढे वाटले. खरं काय झालं होतं ते आता बी.एस्सी.चं पोरगंही सांगेल. धाग्यांना बाहेरच्या पेशी चिकटून राहिल्या होत्या, पट्टा त्यांचा होता. तेव्हा मला ते कळलं नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला बोलू? मनात पाल चुकचुकली होती. म्हणूनच मी पुन्हा करून बघायचं टाळत होते.

दोन महिन्यांनी सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं त्याच बियाण्यावर तेच काम केलं आणि त्याला काही तो पट्टा मिळाला नाही. सर स्वतः आमच्या कॉलेजात आले, सोबत प्राचार्य. सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. सरांनी माझी वही चाळली, त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सहा वेळा फिरवलं, तरी बाहेरच्या पेशी आल्या कुठून?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "सर, गाळायचं कापड बाई धुतात. नीट धुतलं गेलं नसेल."

सगुणाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. कप एकेक करून बशीत नीट बसवले आणि निघून गेल्या. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की मॅडमनं चारदाच फिरवलं. तेवढ्यानं माझी वही खोटी ठरली असती आणि माझी पदवी तिथेच संपली असती. त्या बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांना मेमो मिळाला, कामात निष्काळजीपणा, तशी नोंद सेवापुस्तकात. त्या वर्षी त्यांची कायम होण्याची ऑर्डर निघणार होती, ती दोन वर्षं पुढे गेली. दोन वर्षं ती बाई, पोरगी पदरात घेऊन, उद्या कामावर ठेवतात की नाही या धास्तीत जगली. मी गोषवारा मागे घेतला आणि काम पुन्हा केलं. या वेळी खरोखर सात वेळा फिरवलं. मिक्सर सगुणाबाईंनीच चालवला, मान तिरकी करून ऐकलं, "बदलला" म्हणाल्या. आतल्या पेशींच्या रांगेत जेमतेम रेघ आली, यायला हवी तशी. मी डॉक्टर झाले. प्रबंधाच्या पहिल्या पानावर सर, प्राचार्य, आईबाबा, नवरा, झेरॉक्सवाला सुद्धा, सगळ्यांचे आभार मानले. त्यांचं नाव तिथे नाही.

माझे बाबा एका कचेरीत शिपाई होते. मी लहान असताना तिथलं भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं आणि साहेबानं सगळ्यांसमोर बाबांकडे बोट केलं. बाबांकडेच का, हे आमच्या बौद्धवस्तीत कोणाला विचारावं लागलं नाही. आठवड्यानं कळलं, घड्याळ साहेबानंच दुरुस्तीला दिलं होतं. बाबा म्हातारपणीही सांगायचे, "विसरला असन माणूस, होते असं. पण एक दिवस तरी म्हणावं ना, का चुकलं बा माझं." हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी हुबेहूब त्या साहेबासारखं बोट केलं, माझ्याहूनही एकट्या बाईकडे. मला याची लाज वाटते. साध्या शब्दांत लिहिते, म्हणजे पळवाट उरायला नको.

त्या दिवसानंतर सगुणाबाई माझ्याशी बदलून वागल्या का? नाही. भांडण, खर्रा, फोड्या, सगळं तसंच. दुपारच्या प्रॅक्टिकलला पोरांना माझ्याआधी त्याच शिकवायच्या, मक्याचं पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन टाकलं की फक्त शिरांच्या कडेनं काळ्या रेघा कशा उमटतात, साखरेचं पीठ, म्हणजे स्टार्च, कुठे साठतं ते. "चार वाजताचं पान आणा रे, सकाळचं नाई. सकाळी चूल थंडी राह्यते." पोरं हसायची आणि जन्मभर लक्षात ठेवायची. एकच गोष्ट नवी झाली. गाळायचं कापड धुवून झालं की त्या ते खिडकीशी न्यायच्या, दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायच्या आणि मला म्हणायच्या, "पाहून घ्या, मॅडम." दर वेळी. त्या निवृत्त झाल्या त्या दिवसापर्यंत, अठरा वर्षं. आवाज अगदी साधा, त्यात टोमणा होता की नुसती सवय, मला कधी ठरवता आलं नाही. मी "हो हो, ठीक आहे" म्हणायची आणि दुसरीकडे बघायची. त्या कापडाकडे मी एकदाही नीट बघितलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या दर दिवाळीला माझ्या घरी यायच्या, चुलीवर टांगून धुरात वाळवलेल्या बियाण्याच्या कणसांची जुडी घेऊन. यंदाही आल्या. दम लागत होता, जिना चढून आल्यावर बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. चहा झाला, सरिताच्या बदलीचं बोलणं झालं. घरात आम्ही दोघीच होतो. मी ठरवूनच बसले होते. म्हटलं, "सगुणाबाई, तेव्हा ते कापड..." त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मक्याच्या पानासाठी मी हुज्जत घातली होती ना, तेव्हा बघितलं होतं तसंच. वाट बघत. आणि मी म्हटलं, "...ते कापड फार जुनं झालं होतं हो. मी नवीन मागवलंय." त्या म्हणाल्या, "हो का. चांगलं झालं जी." थोड्या वेळानं उठल्या. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायलाही गेले नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणून मीच बोलायचं होतं. चार शब्द लिहून नेले होते, कष्टाळू, मनमिळाऊ वगैरे. उभी राहिले, समोर पहिल्या रांगेत सरिता बसलेली दिसली, आणि तो कागद मला वाचवेना. मी जे इथे लिहिलं तेच तिथे सांगितलं, चार वेळा आणि सहा वेळा, कापड, मेमो, सगळं. कोणी खाली बघत होतं, कोणी मोबाइलकडे. नंतर एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आता हे काढायची काय गरज होती?" सेवापुस्तकातली नोंद रद्द व्हावी म्हणून मी अर्जही दिला आहे. माणूस निवृत्त, आता हयातही नाही, मग काय रद्द करायचं, असं ऑफिसचं म्हणणं. मी पुन्हा अर्ज देणार आहे, ते कंटाळेपर्यंत.

सभा संपल्यावर सरितासोबत बसस्टँडपर्यंत चालत गेले. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. तसं झालं नाही. बस लागली तेव्हा म्हणाली, "मले माहीत होतं, मॅडम. आईनं तेव्हाच सांगतलं होतं." मी विचारलं, मग आईला राग नाही आला माझा? "आला ना जी. काऊन नाई येईन? पण थे म्हणे, मॅडम एकदा चुकलं म्हणतीन, मंग मी विसरून जाईन. दर दिवाळीले तुमच्या घरून आली का मी विचारू, मॅडम म्हणल्या का? थे म्हणे, नाई..." सरिता पायरीवर चढली, दांडा धरून वळली. "यंदा म्हणे, तोंडापर्यंत आलं होतं. पुढच्या दिवाळीले म्हणतीन."

गेल्या गुरुवारी नव्या पोरांचं प्रॅक्टिकल होतं. मिक्सर मी चालवला. पाचव्या खेपेनंतर पोरं घड्याळाकडे बघायला लागली, आतल्या गावांच्या बसेस साडेचारला सुटतात. मी मान तिरकी करून ऐकलं. मला अजूनही फरक कळत नाही. म्हणून काचपट्टी बघितली, पुन्हा फिरवलं, पुन्हा बघितली, सातव्यांदा स्वच्छ निघाली आणि वहीत सात लिहिलं. पोरं पळाली. नवीन मागवलेलं कापड कपाटात तसंच पडलं आहे. आम्ही जुनंच वापरतो, कडेला हिरवट झालेलं, सगुणाबाईंच्या हातचं. मी ते नळाखाली धरलं, साबण लावला, तीनदा खळबळून काढलं. खिडकीशी नेलं, दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरलं, आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. जाळीच्या एकूण एक छिद्रातून ऊन येत होतं.

"चुकलं माझं, सगुणाबाई," मी म्हटलं. "पाहून घ्या."